वाटेवरचा आवाज : लोकगायक प्रल्हाद शिंदे

खास प्रतिनिधी, कल्याण

आषाढ लागला की कल्याण स्थानकाबाहेरच्या रस्त्यावर, चहाच्या टपरीवर, रिक्षात आणि देवळाच्या भोंग्यावर एक आवाज हमखास कानी पडतो. भाद्रपदात गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री मंडपात दिव्यांच्या माळा चढत असताना तोच आवाज ऐकू येतो. चैत्र-वैशाखात भीमजयंतीच्या मिरवणुका निघतात, तेव्हाही निळ्या झेंड्यांच्या गर्दीत तोच आवाज असतो. तीन निमित्ते, तीन प्रकारचे श्रोते, पण गळा एकच. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना गाणे तोंडपाठ असते, गायकाचे नाव मात्र चटकन आठवतेच असे नाही. ते नाव म्हणजे लोकगायक प्रल्हाद शिंदे.

शिंदे यांना जाऊन दोन दशके उलटून गेली. या काळात तबकडी गेली, कॅसेट गेली, सीडीही गेली. त्यांची गाणी मात्र प्रत्येक नव्या साधनावर पुन्हा अवतरत राहिली. मराठी गाण्याचा इतिहास सांगताना भावगीत, नाट्यगीत आणि चित्रपटगीत यांची दालने आपण मोठ्या अगत्याने उघडतो. ज्या गायकाने अक्षर न ओळखणाऱ्या माणसालाही ध्वनिमुद्रिकेचा श्रोता केले, त्याच्या वाट्याला त्या इतिहासात आलेली जागा मात्र फारच थोडी आहे. म्हणूनच त्यांचा जीवनप्रवास नव्याने पाहणे अगत्याचे ठरते.

मंगळवेढ्याची माती

प्रल्हाद भगवानराव शिंदे यांचा जन्म १९३३ चा. शिंदे घराण्याचे मूळ गाव सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे. ज्वारीसाठी नावाजलेला हा परिसर संतांची भूमी म्हणूनही ओळखला जातो. दुष्काळात सरकारी कोठारे रयतेसाठी खुली करणारे दामाजीपंत इथलेच आणि विठ्ठलाचा आश्रय मागणारी कान्होपात्राही इथलीच. याच मंगळवेढ्यात १३३८ साली गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून संत चोखामेळा गेले. पंढरपूर इथून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर आहे. चोखोबांच्या अस्थी नामदेवांनी पंढरीस नेल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे परंपरा सांगते. ती समाधी देवळाच्या बाहेर आहे आणि तिचे बाहेर असणे हीच चोखोबांच्या आयुष्याची कथा आहे.

प्रल्हाद शिंदे चौदा वर्षांचे होते, त्या वर्षी म्हणजे मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे यासाठी दहा दिवसांचे उपोषण केले आणि त्यानंतर मंदिराची दारे उघडली. हा तपशील येथे मुद्दाम नोंदवला, कारण पुढे ज्यांच्या आवाजाने पंढरीची वाट घराघरांत पोहोचवली, त्या गायकाचे बालपण या दारांच्या बंद असण्याच्या काळातले होते.

घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची होती. वडील भगवानराव आणि आई सोनाबाई गाऊन पोट भरीत. कीर्तन, भजन, लोकांच्या दारी म्हटलेली भक्तिगीते हेच घराचे उत्पन्न आणि हीच मुलांची शाळा. आई-वडिलांच्या बरोबरीने उभे राहून लहानग्या प्रल्हादने गायला आरंभ केला. रस्त्यावर गाणाऱ्याला ध्वनिक्षेपक नसतो आणि तिकीट काढून बसलेला श्रोताही नसतो. जाणाऱ्या माणसाची पावले थांबवायची असतील, तर पहिल्याच सुरात ताकद हवी आणि शब्द शेवटच्या माणसापर्यंत स्वच्छ पोहोचायला हवा. शिंदे यांच्या गायकीतील खुला, उंच पट्टीचा आवाज आणि लखलखीत शब्दोच्चार यांचे मूळ या रस्त्यावरच्या तालमीत आहे.

कव्वालीची पार्टी

पोटामागे शिंदे कुटुंब मुंबईस आले. गिरण्यांची, गोद्यांची आणि रेल्वेची ती मुंबई गाण्याची भुकेली होती. कामगार वस्त्यांमध्ये कलापथके होती, शाहिरांचे फड होते आणि रात्र-रात्र चालणारे कव्वालीचे सामने होते. एका मंचावर दोन पार्ट्या समोरासमोर बसत, एकीने सवाल टाकावा आणि दुसरीने गाण्यातून जवाब द्यावा, अशी ही रंगत असे. पेटी, ढोलकी, बेंजो, टाळ्यांचा ठेका आणि मुख्य गायकाची ओळ उचलून धरणारे कोरसवाले असा हा सरंजाम.

त्या काळातील नामांकित कव्वाल इस्माइल आझाद यांच्या पार्टीत प्रल्हाद शिंदे कोरसात गाऊ लागले. १९५८ च्या ‘अल हिलाल’ या हिंदी चित्रपटातील कव्वालीने आझाद यांचे नाव देशभर झाले. अशा उस्तादाच्या पाठीमागे बसून गाण्याचा अनुभव मोलाचा होता. मुखडा कुठे सोडायचा, कुठे पुन्हा पकडायचा, श्रोता कंटाळला की ठेका कसा बदलायचा, शेराआधी किती थांबायचे, ही सारी जाण त्यांना येथे आली. मराठी भजनाचा गळा आणि उर्दू कव्वालीची फेक यांचा संगम झाला तो याच टप्प्यावर. त्यांच्या भक्तिगीतांत वारकरी भजनाचा साधेपणा असूनही गाणे अचानक उसळी घेते, त्याचे रहस्य या कव्वालीच्या शिक्षणात आहे.

कोरसातील गायकाला नाव नसते. त्याचा आवाज गर्दीत मिसळलेला असतो आणि तो मिसळलेला असण्यातच त्याचे यश असते. कोरसातून उठून मधल्या माइकसमोर बसणे हे त्या दुनियेतील सर्वांत मोठे अंतर होय. अनेकांचे आयुष्य ते अंतर पार न करताच सरले. शिंदे यांनी ते पार केले.

तबकडीवरचे नाव

हे अंतर पार झाल्याची खूण म्हणजे स्वतःच्या नावाची ध्वनिमुद्रिका. आज मोबाइलवर गाणे मुद्रित करून तासाभरात जगासमोर ठेवता येते, त्यामुळे त्या काळी तबकडीवर नाव छापून येण्याचे मोल समजणे कठीण आहे. ग्रामोफोन व्यवसायावर तेव्हा एचएमव्ही या एकाच कंपनीचे राज्य होते. आज ही कंपनी सारेगामा या नावाने ओळखली जाते. लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीची एक बाजू सव्वातीन मिनिटांच्या आसपास संपत असे. रात्रभर रंगणारी कव्वाली, आळवून-आळवून म्हटलेला अभंग हे सारे त्या मापात बसवावे लागे. सर्व वादक आणि कोरस एकाच खोलीत, गायक माइकसमोर आणि चूक झाली की गाणे पुन्हा पहिल्यापासून, अशी ती पद्धत होती.

मैदानावरच्या गायकांची येथे मोठी परीक्षा होई. समोर श्रोता नाही, दाद नाही, ओळ चारदा घोळवायला वेळ नाही. अनेक नावाजलेले गायक स्टुडिओत निस्तेज ठरत. शिंदे यांचा आवाज मात्र यंत्राला मानवला. रस्त्यावर मिळालेली शब्दांची स्वच्छता तबकडीवर उपयोगी पडली आणि पहिल्याच सुरात श्रोत्याला धरण्याची सवय तीन मिनिटांच्या गाण्यासाठी जणू घडवलेलीच होती. एचएमव्हीने त्यांची गाणी मुद्रित केली आणि कोरसातील एक आवाज ‘प्रल्हाद शिंदे’ या नावाने महाराष्ट्राला परिचित झाला.

असाच प्रसंग सातासमुद्रापार, अमेरिकेतही घडला होता. ४ ऑगस्ट १९२७ रोजी ब्रिस्टल या लहानशा गावी व्हिक्टर कंपनीने जिमी रॉजर्स नावाच्या एका तरुणाची पहिली गाणी मुद्रित केली. तो रेल्वेत ब्रेक सांभाळण्याचे काम केलेला माणूस होता. आज ज्याला ‘कंट्री’ संगीत म्हणतात, त्याचे जनकत्व याच रॉजर्सकडे दिले जाते. कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे जे चित्र एचएमव्हीच्या तबकडीवर, तेच व्हिक्टरच्या तबकडीवरही असे. साम्य एवढ्यावरच थांबत नाही. तिकडे कंपन्यांनी या गाण्यांना आरंभी ‘हिलबिली’ म्हणजे डोंगराळ भागातील गावंढळांचे गाणे असे नाव देऊन वेगळ्या कप्प्यात ठेवले आणि ‘बिलबोर्ड’ या नियतकालिकाने ‘कंट्री अँड वेस्टर्न’ हे नाव स्वीकारले ते १९४९ मध्ये. इकडे शिंदे यांच्यासारख्यांच्या गाण्यांवर ‘लोकगीत’ हा शिक्का बसला. गाणे कवीने लिहिलेले असो, संगीतकाराने चाल बांधलेली असो, गायक मैदानातला असला की ते लोकगीत, हा हिशेब अनेक वर्षे चालला.

पूजेपासून कामगार सभेपर्यंत

शिंदे यांच्या गाण्यांचा प्रसार झाला तो सभागृहांतून नव्हे. चाळीतील सत्यनारायणाची पूजा, लग्नाचा मांडव, गावची जत्रा आणि सार्वजनिक गणेशोत्सव ही त्यांची सभागृहे. तबकड्यांची पेटी आणि कर्णा घेऊन येणारा लाऊडस्पीकरवाला हा त्यांचा खरा प्रचारक. पूजा कोणाचीही असो, सकाळी कर्णा बांधून झाला की शिंदे यांच्या आवाजातील सत्यनारायणाची कथा लागणार हे ठरलेलेच असे. आकाशवाणी मुंबई केंद्राच्या ‘कामगार सभा’ या कार्यक्रमाने लोकगीतांना जे व्यासपीठ दिले, त्याचाही लाभ त्यांच्या गाण्यांना झाला.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात हा श्रोता मोठ्या संख्येने होता. शहाड आणि मोहने येथील रेयॉन कारखाने, अंबरनाथचे उद्योग, डोंबिवलीची औद्योगिक वसाहत आणि रेल्वेची कामे यांसाठी सोलापूर, नगर, सातारा, मराठवाडा, खानदेश येथून माणसे आली होती. १९७२ च्या दुष्काळाने त्यांत आणखी भर घातली. गावचे दैवत, गावची जत्रा, पंढरीची वारी हे सारे मागे सोडून आलेल्या या माणसांना शिंदे यांच्या गाण्यात आपले गाव भेटत असे. पुढे शिंदे कुटुंबही कल्याणला स्थिरावले आणि हे शहर त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले.

‘पाऊले चालती’ हे दत्ता पाटील यांचे गीत शिंदे यांच्या गळ्यातून अजरामर झाले. या गाण्यातील वारकरी कोणी साधुसंत नसून प्रपंचात गुंतलेला साधा माणूस आहे. ज्याला रजा मिळत नाही, ज्याच्याकडे प्रवासाचे पैसे नाहीत, अशा कारखान्यातील माणसानेही हे गाणे ऐकून घरबसल्या वारी करावी, इतके ते जवळचे वाटले. वारीचे वर्णन करणारी गाणी मराठीत पुष्कळ आहेत, पण दिंडीच्या मागच्या रांगेत चालणाऱ्याच्या आवाजातील गाणे म्हणून याची जागा वेगळी आहे.

एक गळा, दोन निष्ठा

प्रल्हाद शिंदे यांच्या कारकिर्दीतील सर्वांत विचार करायला लावणारी बाब म्हणजे त्यांची भीमगीते आणि त्यांची भक्तिगीते यांचे शेजारपण. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतरच्या काळात गाणे हे आंबेडकरी चळवळीचे मोठे साधन बनले. वामनदादा कर्डक यांच्यासारख्या कवींनी हजारो गीते लिहिली. विठ्ठल उमप यांच्यासारख्या शाहिरांनी ती गावोगावी नेली. कव्वालीचा सवाल-जवाब या चळवळीने आपलासा केला आणि विचार सांगण्यासाठी तो वापरला. प्रल्हाद शिंदे हे या परंपरेतील आघाडीचे गायक. जयंतीच्या दिवसांत त्यांच्या गाण्याला वस्ती-वस्तीत मागणी असे.

त्याच गायकाने विठ्ठल, गणपती, अंबाबाई, सत्यनारायण यांची गाणीही गायली. यात विसंगती आहे, असा आक्षेप घेणे सोपे आहे. ज्या धर्मव्यवस्थेचा त्याग केला, तिच्या दैवतांची गाणी का गावीत, हा प्रश्न चळवळीच्या दृष्टीने गैरलागू म्हणता येणार नाही. मात्र या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. गाणे हा शिंदे यांचा चरितार्थ होता आणि ध्वनिमुद्रिका कंपन्यांना खपाची खात्री होती ती भक्तिगीतांचीच. शिवाय आई-वडिलांच्या कीर्तनातून आलेले हे गाणे त्यांच्या रक्तात होते. गीतकारांचेही तेच. ‘तूच सुखकर्ता’ हे गणेशोत्सवात हटकून वाजणारे गीत लिहिणारे कवी हरेंद्र जाधव हे भीमगीतांसाठीही तितकेच प्रसिद्ध होते. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

याचा अर्थ असा, की गावकुसाबाहेरून आलेल्या कवीचे शब्द आणि गावकुसाबाहेरून आलेल्या गायकाचा सूर यांवर महाराष्ट्रातील घरोघरच्या गणपतीची पूजा कित्येक वर्षे चालली आहे. मूर्तीसमोर हात जोडणाऱ्या किती जणांच्या हे ध्यानात आले असेल? चोखोबांना देवळात जाऊ दिले गेले नाही, त्यांचा अभंग मात्र पुढे वारकऱ्यांच्या मुखी राहिला. मंगळवेढ्याच्या या दुसऱ्या सुपुत्राचा आवाज थेट गाभाऱ्याजवळच्या भोंग्यातून वाजला. समाजाने आवाज स्वीकारला, पण त्या आवाजामागच्या माणसाला आणि त्याच्या समाजाला तितक्याच मोकळेपणाने स्वीकारले का, हा प्रश्न शिंदे यांचे गाणे ऐकताना प्रत्येकाने स्वतःला विचारावा असा आहे.

लोकप्रियता आणि मोबदला

१९८० च्या दशकात कॅसेटने बाजाराचे स्वरूप पालटले. तबकडीपेक्षा कॅसेट स्वस्त, वाजवायला सोपी आणि नक्कल करायलाही सोपी. गुलशनकुमार यांच्या टी-सीरिजसह नव्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि भक्तिगीते, लोकगीते यांचा खप कल्पनेपलीकडे गेला. एसटीत, ट्रकमध्ये, पानाच्या गादीवर शिंदे यांचा आवाज पोहोचला तो या काळात. याच दशकात त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद यांनी कॅसेटची दुनिया गाजवली. आनंद शिंदे यांच्या ‘नवीन पोपट’ या गाण्याने तर खेड्यापाड्यांतून धुमाकूळ घातला.

लोकप्रियता आणि मोबदला यांचे गणित मात्र या क्षेत्रात कधीच सरळ नव्हते. गाणे खपले तरी लोकगीत गाणाऱ्या कलावंताचा खरा आधार कार्यक्रमाची सुपारी हाच असे. हंगाम चार-सहा महिन्यांचा, प्रवास रात्रीचा आणि वाद्यवृंदातील प्रत्येकाचे पोट मुख्य गायकाच्या गळ्यावर अवलंबून. देशाच्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्या कलावंताचे हक्क प्रथम आले ते १९९४ च्या दुरुस्तीने आणि व्यावसायिक वापरातून रॉयल्टी मिळण्याचा त्यांचा हक्क स्पष्ट झाला तो २०१२ च्या दुरुस्तीने. पहिली दुरुस्ती झाली तेव्हा शिंदे साठीत होते आणि दुसरी झाली तेव्हा ते हयात नव्हते. दरवर्षी सणासुदीला ज्यांची गाणी सर्वाधिक वाजतात, त्या पिढीतील लोककलावंतांना कायद्याचे हे छत्र आयुष्याच्या ऐन उमेदीत कधी मिळालेच नाही.

अखेरचा आषाढ

२००४ च्या उन्हाळ्याने आंबेडकरी गाण्याला मोठा तडाखा दिला. १५ मे रोजी महाकवी वामनदादा कर्डक गेले. त्यांचा शोक ओसरला नव्हता तोच २३ जून रोजी प्रल्हाद शिंदे यांचे निधन झाले. ते एकाहत्तर वर्षांचे होते. आषाढ लागून जेमतेम पाच-सहा दिवस झाले होते. पालख्या वाटेवर होत्या आणि आषाढी एकादशी आठवड्यावर आली होती. ज्या दिवसांत त्यांचे गाणे वाड्या-वस्त्यांवर सर्वाधिक वाजते, नेमक्या त्याच दिवसांत हा गायक काळाच्या पडद्याआड गेला.

त्यांच्या मागे गाणे थांबले नाही. आनंद, मिलिंद आणि दिनकर या मुलांनंतर तिसऱ्या पिढीतील आदर्श, उत्कर्ष आणि हर्षद यांनी ही परंपरा पुढे नेली. ‘दुनियादारी’ या २०१३ च्या चित्रपटातील गीताने आदर्श शिंदे यांचा आवाज शहरी तरुणांपर्यंत पोहोचला. ज्या घराण्याचा आरंभ लोकांच्या दारी गाण्याने झाला, त्याला लोक आज कौतुकाने शिंदेशाही म्हणतात. शास्त्रीय संगीतात घराणे म्हटले की गुरू, गंडा, बंदिशी आणि दरबार यांची परंपरा सांगितली जाते. शिंदे घराण्याचा दरबार रस्ता हा होता आणि त्याची बंदिश म्हणजे सामान्य माणसाच्या तोंडी बसलेले गाणे.

ठाणे जिल्ह्यातील शहरांना आपल्या सांस्कृतिक वारशाचा सार्थ अभिमान आहे. येथे नाट्यगृहे आहेत, संगीत मंडळे आहेत, व्याख्यानमाला आहेत, दिवाळी पहाटेच्या मैफली आहेत. या मैफलींच्या कार्यक्रमपत्रिकेवर प्रल्हाद शिंदे यांचे एखादे गाणे, त्यांच्या नावासह आणि गीतकार-संगीतकारांच्या नावांसह, सन्मानाने यावे ही अपेक्षा गैर नाही. त्यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या अजूनही कुठे कुठे जुन्या पेट्यांत आणि संग्राहकांकडे पडून आहेत. त्यांची सूची व्हावी, त्यांवरील गीतकार, संगीतकार, वादक आणि कोरस यांच्या नावांची नोंद व्हावी, हे काम एखाद्या विद्यापीठाला किंवा ग्रंथालयाला सहज हाती घेता येईल. लाख ठिसूळ असते, एकदा फुटलेली तबकडी पुन्हा सांधता येत नाही.

यंदाही आषाढ येईल आणि कल्याणच्या कुठल्याशा चौकात तो आवाज पुन्हा लागेल. बाजूने जाणारा क्षणभर पाऊल हळू करील. कोरसातून उठून मधल्या माइकपर्यंत आलेल्या त्या माणसाचे नाव त्या क्षणी त्याला आठवले, तर एक जुने देणे थोडेसे तरी फिटेल.